कुंकवाची बाजू वर

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. सकाळी ढगाळ, वारा गार, पाऊस नाही.

मी मल्हाररावांची पूल खेळायची स्टिक बोलतेय. तारीख आणि हवा आधी सांगायची सवय मला त्यांच्याकडूनच लागली. रोज सकाळी खिडकी उघडली की ते या दोन्ही गोष्टी मोठ्यानं सांगतात, घरात कुणी ऐकत असो वा नसो.

आज मला बघायला गिऱ्हाईक येणार आहे. मल्हारराव मघापासून मला फडक्यानं पुसतायत. अंबुबाई, त्यांच्या पत्नी, दारातून म्हणाल्या, "मुलगी दाखवायची असल्यासारखं काय पुसताय? विकायचीच आहे ना?"

ते पुसतच राहिले. मला त्यांच्याशी बोलता येत नाही, आणि आजच्या दिवशी तेच मला फार जड जातंय. मला एक गोष्ट माहीत आहे, जी या घरात कुणालाच माहीत नाही. ती तुम्हाला तरी सांगते.

मी जन्मानं मेपलच्या लाकडाची. मेपल परदेशी झाड, लाकूड फिकट, जवळजवळ दुधाच्या सायीसारखं. माझे दोन तुकडे, मधोमध पितळी पेच. माझा पहिला मालक म्हणजे कॅन्टोन्मेंट भागातला एक खेळाचा हॉल. तिथे मला कुणी स्टँडवर ठेवलं नाही. खेळून झालं की भिंतीला तिरकी टेकवायची आणि जायचं. भिंत ओलसर होती. अशा किती पावसाळ्यांनंतर माझ्या पुढच्या भागाला बाक आला, ते मलाही कळलं नाही. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण आहे.

हॉल बंद झाला तेव्हा सामान स्वस्तात विकलं गेलं. मल्हारराव तेव्हा विमा कंपनीच्या कचेरीत होते. ऑफिसच्या करमणुकीच्या खोलीत इतरांचं बघून बघून ते पूल शिकले होते. शिकवणारा कुणी नव्हता. म्हणून स्टिक घेताना ती टेबलावर लोळवून बघायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी मला उचललं, वजन पाहिलं, वास घेतला आणि गविपूरम भागातल्या आपल्या घरी आणलं.

त्या वर्षी खंडेनवमीला अंबुबाईंनी स्कूटर, मिक्सर, शिवणयंत्र, विळी, सगळं ओळीनं मांडलं. शेवटी मी.

"हिला कुठं लावू?" त्यांनी कुंकवात अंगठा बुडवून विचारलं.

"पुढं लाव, वरच्या अंगाला. मुठीखाली नको, घामानं जाईल."

त्यांनी अंगठा टेकवला. कुंकू ओलं होतं आणि माझं लाकूड फिकट, त्यामुळे ते आत मुरलं. दर खंडेनवमीला त्याच जागी नवा अंगठा. तो ठिपका पुढे जांभळाच्या डागासारखा पक्का झाला.

देवाचं कुंकू खाली तोंड करून धरायचं नाही, असा मल्हाररावांनी नेम केला. प्रत्येक वेळी वाकण्याआधी ते मला बोटांत फिरवत, ठिपका वर आणत, मगच मारत. आणि योग असा की ठिपका बरोबर बाकाच्या पाठीवर पडला होता. बाक वर किंवा खाली असला तर माझं काही बिघडत नाही, मी सरळ रेषेत जाते. तो कडेला आला की टोक जरासं सरकतं, आणि पांढरा बॉल जिथे मारायचा तिथे न मारता बाजूला मारला जातो. कुंकवानं तो कधी कडेला येऊ दिला नाही. वीस वर्षं.

देवाप्पाच्या पूल पार्लरमध्ये मल्हाररावांचं नाव होतं. देवाप्पा तिथला मालक आणि त्यांचा नेहमीचा प्रतिस्पर्धी. "अण्णाचा लांबचा बॉल म्हणजे सोडून दिलेली गाय," तो म्हणायचा, "बरोबर गोठ्यात जाते."

या जूनमध्ये मल्हाररावांची साठी झाली. त्यांची सून प्रियदर्शनी महादेवपुऱ्यात नोकरी करते. तिनं जुन्या स्टिक नव्यासारख्या करून देणारा माणूस नेटवर शोधला, मला गुपचूप त्याच्याकडे नेलं आणि वाढदिवसाला परत आणलं. त्यानं मला घासलं, पॉलिश केलं, टोकाला नवं कातडं बसवलं. सगळे ओरखडे गेले. कुंकूही गेलं.

मल्हाररावांनी मला हातात घेऊन दोनदा उलटसुलट फिरवलं. मग म्हणाले, "एवढं कोण लक्षात ठेवतं, पोरी."

पुढच्याच खेळात लांबचा बॉल चुकला. मग सोपाही चुकला. आता वर कुठली बाजू धरायची हे त्यांना माहीत नव्हतं, आणि आपण कुठलीतरी बाजू धरत होतो म्हणून बॉल जात होते, हेही माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या स्टिकला हात लावायचा नाही हा त्यांचा आणखी एक नेम, त्यामुळे ताडून बघायचा प्रश्नच आला नाही.

देवाप्पा त्याच्या कानडी मिसळलेल्या मराठीत हसत म्हणाला, "वय झालं अण्णा. सरी, बरं, आता पत्ते खेळू."

तो गमतीनं म्हणाला. पण मल्हाररावांच्या वडिलांना कंपवात होता. आधी हात हलायला लागला होता, मग घास तोंडाशी पोचेना, मग बाकी सगळं. त्या दिवशी घरी आल्यावर मल्हारराव खिडकीपाशी उभे राहिले, उजवा हात पुढे धरला आणि बोटांकडे बघत राहिले. कपाटाच्या कडेला मी उभी होते. मी पाहिलं. हात हलत नव्हता. पण ज्याला तो हललेला दिसायचा आहे, त्याला तो दिसतोच.

त्यानंतर त्यांनी स्कूटरची किल्ली मुलाला, विराटला, देऊन टाकली. "ट्रॅफिकचा कंटाळा आला," म्हणाले. दाढी बाहेर करून घेऊ लागले. आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. अंबुबाईंना वाटलं, थंडी वाजत असेल. डॉक्टरकडे ते गेले नाहीत. जे ऐकायचं नाही ते विचारायलाही ते जात नाहीत.

खंडेनवमीला अंबुबाई कुंकू घेऊन माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, सुटले. पण मल्हारराव म्हणाले, "हिला नको. प्रियानं हौसेनं चकचकीत करून आणलीय, परत डाग नको. फूल वाहा." अंबुबाईंनी शेवंतीचं फूल वाहिलं. फुलाची खूण राहत नाही.

दिवाळीनंतर त्यांनी विराटला सांगितलं, "ती स्टिक विकायची नेटवर टाक. पडून राहण्यापेक्षा कुणीतरी खेळेल."

विराटनं फोटो काढून जाहिरात टाकली. निरोप येऊ लागले. एकानं किंमत न वाचताच विचारलं, "शेवटचं किती?" दुसऱ्यानं विचारलं, हिच्यावर दोन खिडक्यांचा पडदा बसेल का. तिसरा बदल्यात व्यायामाची सायकल द्यायला तयार होता. प्रत्येक निरोपाला माझ्या पेचात धस्स व्हायचं. पडद्याची काठी झाले असते तर सगळंच संपलं असतं, माझं आणि त्यांचंही.

मग क्षमाचा निरोप आला. "स्टिक सरळ आहे ना? टेबलावर लोळवून दाखवाल का?"

मल्हारराव चिडले. "सरळ म्हणजे? वाकडी स्टिक घेऊन वीस वर्षं खेळलो काय मी?"

"सगळ्यांनाच विचारतात तसं, अप्पा," विराट म्हणाला. "देवाप्पाकडे बोलवू तिला. बघू दे."

म्हणून आज ती येतेय, आणि मी सकाळपासून अस्वस्थ आहे. तिनं लोळवलं तर माझं टोक नाचेल, आणि मल्हाररावांना भर हॉलमध्ये खाली बघायला लागेल. नाही लोळवलं तर मी तिच्याबरोबर जाईन, आणि ते जन्मभर कप दोन्ही हातांनी धरतील. मला दोन्हीची भीती वाटते. दुसऱ्याची जास्त.

निघायची वेळ झाली. अंबुबाईही पर्स घेऊन तयार आहेत. "नेटवरची माणसं," म्हणतायत. "एकट्याला नाही पाठवणार."

संध्याकाळी. ढग विरळ, वारा तसाच.

क्षमा आली ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून, व्हाइटफील्डहून, मेट्रो बदलत. मुलगी निपाणीची. व्हाइटफील्डमधल्या आपल्या कंपनीच्या संघात खेळते, भिंतीवरच्या उसन्या स्टिकनं. "सगळ्यांच्या खांद्याला स्टिकच्या बॅगा असत्यात," ती म्हणाली. "मला वाटलं, आपली पण एक असावी की, काकू."

"काकू नको, अक्का म्हण. इथं तसंच म्हणतात," अंबुबाई म्हणाल्या. "बस स्वल्प, थोडा वेळ."

ती बसली नाही. तिनं मला जोडलं, हिरव्या कापडावर आडवं ठेवलं आणि तळव्यानं ढकललं. मी लोळले. मी जेवढं अंग आवरता येईल तेवढं आवरलं. लाकडाला ते जमत नाही. टोक वर खाली, वर खाली होत राहिलं.

"अण्णा, ही डान्स करतेय की!" देवाप्पा म्हणाला.

"परत लोळव," मल्हारराव म्हणाले.

तिनं परत लोळवलं. परत तेच.

मल्हाररावांचे कान लाल झाले. "मला ठाऊक नव्हतं बाई. खरंच. एवढ्या लांबून तुला बोलावलं..." ते माझा पेच सोडवू लागले. त्यांना फक्त एवढंच कळलं होतं की आपण वाकडी वस्तू विकायला काढली. पुढचं कळलं नव्हतं. माझा अर्धा भाग बॅगेत गेलाही. मला वाटलं, संपलं.

"थांबा की, काका," क्षमा म्हणाली. "आलेच आहे तर दोन बॉल मारून बघते. स्वस्तातली सरळ स्टिक कुठं मिळायली मला?"

तिनं मला पुन्हा जोडलं. पहिला बॉल डावीकडे गेला. तिनं मला बोटांत थोडं फिरवलं. दुसरा उजवीकडे. आणखी थोडं फिरवलं. तिसरा पॉकेटमध्ये पडला. चौथाही.

"ही बाजू वर धरली की जातोय बघा." तिनं निळा चॉक घेऊन माझ्या अंगावर खूण केली. "एवढंच. बाकी लई चांगली आहे."

अंबुबाई खुर्चीवरून उठल्या, चष्मा लावून जवळ आल्या. "अय्यो. हितंच तर, ह्या बारीक रेघेवर, माझं कुंकू होतं."

मल्हाररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खुणेकडे. त्यांचा अंगठा आपोआप त्या जागी गेला. "जूनमध्ये," ते हळूच म्हणाले. "कुंकू पुसलं तेव्हापासून..."

"पुसलं काय म्हणता? गेलं म्हणा!"

"गेलं. गेलं तेव्हापासून माझे बॉल चुकायला लागले."

मल्हारराव भिंतीपाशी गेले आणि पार्लरची एक स्टिक काढली. देवाप्पा हसायचा थांबला. "अण्णा, दुसऱ्याची स्टिक? तू?"

"आज घेतो."

त्यांनी ती टेबलावर लोळवली. टोक जागचं हललं नाही. मग पांढरा बॉल एका टोकाला, दुसरा पार समोरच्या कोपऱ्याजवळ. ते वाकले. मी टेबलाच्या कडेला पडून त्यांचा उजवा हात बघत होते. बॉल गेला, कोपऱ्यात पडला. त्यांनी पुन्हा मांडला. पुन्हा पडला. तिसरा पॉकेटच्या ओठावर थांबला.

"हा मात्र माझाच चुकला," ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले. "अंबू, विराटला सांग, स्कूटरची किल्ली काढून ठेव."

"आता मधेच स्कूटर कुठनं आली?"

त्यांनी सांगितलं नाही. मला बॅगेत घालून क्षमाच्या हातात देताना एवढंच म्हणाले, "हिचा बाक तू चार बॉलांत ओळखलास, तेव्हा ही तुझीच. भिंतीला टेकवू नकोस. आणि अंबू, प्रियाला यातलं काही सांगायचं नाही."

"मी काय वेडी आहे?" अंबुबाई म्हणाल्या. पर्समधून छोटी डबी काढून त्यांनी क्षमाला विचारलं, "चालेल ना गं तुला?" आणि बॅगेची चेन उघडून चॉकच्या खुणेवर अंगठा टेकवला. "ही बाजू वर. खाली नाही करायची."

"नाही करत, अक्का."

जुन्या वस्तू नेटवर शोधणाऱ्यांनो, आम्हाला जरूर लोळवून बघा. पण आमचं टोक नाचलं की लगेच खाली ठेवू नका. थोडं फिरवून बघा. मी आता क्षमाच्या बॅगेत आहे, मेट्रोत उभी, आणि नवं घर कसं असेल याची धाकधूक आहे. मल्हारराव, येते मी.

आजचं एवढंच झालं. विराटनं दुपारी जाहिरात काढली. आम्ही निघण्याआधी देवाप्पानं सगळ्यांना चहा दिला. मल्हाररावांनी ग्लास उजव्या हातानं उचलला, डावा हात खिशात ठेवला आणि उभ्यानंच चहा संपवला. चहा सांडला नाही.