सतरा नंबरचा गट

सतरा नंबरचा गट उघडण्याआधी नियोजकानं उठून दार लोटून घेतलं. खोलीत तो एकटाच होता, बाहेर चिटपाखरू नव्हतं; तरी लोटलं. विद्यापीठात एकाच गाडीतून मिळून येणाऱ्या कर्मचाऱ्यांचे असे चाळीस गट होते आणि ते सगळे त्यानंच जुळवलेले. कोण कुठं राहतं, कुणाची सुटी कधी होते, कुणाच्या गाडीत जागा किती, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. दर सहा महिन्यांनी तो सगळ्यांकडून निनावी अर्ज भरून घ्यायचा: सोबत कशी वाटते, पाचपैकी गुण द्या. साडेतीनच्या खाली गेलेला गट मोडायचा आणि माणसं हलवायची, हा नियमही त्याचाच. मोडायच्या गटांची यादी शुक्रवारी वर पाठवायची होती.

सतराव्या गटात तो स्वतः होता. सरासरी सव्वातीन, आणि तीही त्याचे स्वतःचे पाच धरून.

एकानं लिहिलं होतं, 'माणसं चांगली आहेत, पण सकाळी चाळीस मिनिटं शांतता मिळाली तर फार उपकार होतील.' दुसऱ्यानं एवढंच, 'रेडिओ बंद करता येत नाही.' गाडीतला रेडिओ तर केव्हाचा बिघडलेला होता! हे लक्षात आलं तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिसऱ्यानं काहीच लिहिलं नव्हतं, नुसते दोन गुण दिले होते.

बोलायचा तो, खोटं कशाला सांगा. आई गेल्यापासून संध्याकाळी कुलूप उघडलं की घर खायला उठायचं. कचेरीत दिवसभर तो आणि त्याचे नकाशे. माणसांत बसायचं म्हणजे गाडीत, जाताना चाळीस मिनिटं आणि येताना चाळीस. मग तो एक मिनिट फुकट घालवत नसे. कुठला सिग्नल किती सेकंदांचा, कुठली गल्ली धरली की तीन मिनिटं वाचतात, परवा कुणी कुठं गाडी ठोकली. त्याला वाटायचं, सगळ्यांना मजा येते. हसायचे की ते!

सतराव्या गटाच्या गुणांची ती एक ओळ खोडली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्यानं ती खोडली नाही आणि यादीतही घातली नाही. शुक्रवारला अजून तीन दिवस होते. तीन दिवसांत माणूस सुधारू शकतो, असं त्यानं स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ग्रंथपालांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसला आणि तोंड मिटून घेतलं. गाडी ग्रंथपालांची, चालवायचेही तेच.

"बरं वाटत नाही का?" मागून सिस्टरांनी विचारलं. त्या विद्यापीठाच्या दवाखान्यात होत्या.

"छे, मस्त आहे."

झालं. पुढं चाळीस मिनिटं कुणी बोललं नाही. त्याची जीभ नुसती वळवळत होती. ग्रंथपाल सरळ गर्दीत शिरले तेव्हा तर त्यानं गाल आतून चावून धरला.

गुरुवारी मात्र मागच्या सीटवर आधी कुजबुज सुरू झाली आणि मग उघड बोलणं. प्रयोगशाळेतल्या बाई पुढं वाकून ग्रंथपालांना म्हणाल्या, "रविवारी जाऊन आलात?"

"आलो."

"ओळखलं का?"

"नाही. पण गप्पा मारल्या छान." ग्रंथपालांनी गिअर बदलला. "मला म्हणाली, तुमच्या मिसेस कशा आहेत? म्हटलं, बऱ्या आहेत."

सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"कोण? वहिनी?" नियोजक गर्रकन वळला. "काय झालंय त्यांना?"

"विसरते सगळं. घरी सांभाळणं होईना, म्हणून गेल्या महिन्यात शुश्रूषागृहात ठेवलं."

"मला कधी बोलला नाहीत!"

"बोललो होतो." ग्रंथपालांची नजर रस्त्यावरच होती, आवाजात राग नव्हता. "पुलावर होतो आपण. तुम्ही म्हणालात, डावीकडून घ्या, पुढं खोदलंय." मग ते म्हणाले, "खोदलेलं होतंच म्हणा."

शुक्रवारी दुपारी नियोजकानं सतरा नंबर यादीत घातला. तिघांना होतं तसंच एकत्र ठेवलं आणि चौथ्या जागी उद्यान विभागातल्या एका अबोल माळ्याचं नाव लिहिलं. स्वतःला त्यानं एकतिसाव्या गटात टाकलं. तिथं कानात काहीबाही घालून बसायचे सगळे, कुणी कुणाशी बोलत नसे, म्हणून एकमेकांना पाच पाच गुण होते. यादी पाठवून त्यानं फाईल मिटली. गट बदलल्याची पत्रं सगळ्यांना सोमवारी जाणार होती.

संध्याकाळी बाई आणि सिस्टर आपापल्या कोपऱ्यावर उतरल्या आणि गाडीत दोघंच उरले.

"रविवारी किती वाजता जाता?" नियोजकानं विचारलं.

ग्रंथपालांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "दहाला. तेव्हा ती ताजीतवानी असते." आणि मग ते बोलायला लागले. ती पूर्वी गाडी कशी चालवायची, यांनाच कशी शिकवली, शिकवताना कशी ओरडायची. परवा यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण बघून कशी म्हणाली, घरात लक्ष देणारं कुणी नाही का हो तुमच्या?

पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळायचं होतं. टाकी आली आणि मागं पडली. पुढचा चौक गेला, त्याच्या पुढचाही. गाडी भलत्याच रस्त्याला लागली होती आणि ग्रंथपालांना त्याची शुद्ध नव्हती.

नियोजकानं मांडीवरची पिशवी सावरली.

"मग?" तो म्हणाला. "तुम्ही काय सांगितलंत?"