फ्लॅशखालची चिकटपट्टी

दोंडाईच्याच्या लग्नात मी आबांचा जुना फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवला, पण त्याआधी गुपचूप त्याच्या पायाला चिकटपट्टी मारली.

आबा म्हणजे माझे वडील, आधारभाऊ फोटोवाले. रिळाच्या जमान्यात आसपासच्या गावांतली लग्नं त्यांनी याच फ्लॅशवर काढली. आता कॅमेरा माझ्या हातात आहे आणि त्यांचा हट्ट एकच, "प्राची, एक तरी लग्न माझ्या फ्लॅशवर कर." असल्या जुन्या फ्लॅशच्या पायातून, म्हणजे तो कॅमेऱ्यावर बसतो त्या भागातून, कधीकधी दोनशे व्होल्टसुद्धा निघतात. रिळाच्या कॅमेऱ्याचं त्याने काही बिघडत नसे, डिजिटल मात्र एका क्लिकमध्ये कामातून जाऊ शकतो. हे सांगायला असा किती वेळ लागला असता? पण माझं डोकं लवकर फिरतं. कोण वाद घालत बसणार म्हणून "हो, लावते" म्हटलं आणि पट्टी मारून मोकळी झाले. पट्टी असली की कॅमेऱ्याला वीज लागत नाही. फ्लॅशही पेटत नाही, पण हॉलमध्ये दिवे भरपूर होते आणि तिकडे कोण बघतंय, असं मला वाटलं.

आबा बघत होते. त्रिसरण-पंचशील झालं, पांढऱ्या साडीतली नवरी हार घालायला पुढे झाली, आणि आबा स्टेजखाली आपल्या फ्लॅशवर डोळे लावून उभे. मी क्लिक केलं. उजेड पडला नाही. परत केलं, तरी नाही.

पुढच्या रांगेतले झुलालनाना म्हणाले, "आधारभाऊ, तुमना फ्लॅश बी तुमनासारखाच म्हतारा व्हई गया." सगळी रांग हसली. आबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. ते वर आले, "दे, सेल बसले असतील" म्हणत फ्लॅश काढून घेतला आणि खिशातून नवे सेल काढले. घरून आणले होते, खास. सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून ते सेल बदलायला लागले. एक सेल हातातून सुटून खुर्च्यांखाली गेला, तर तो आणायला वाकले. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी नाही.

सेल घालून त्यांनी फ्लॅश उलटा केला आणि थांबले. पट्टी दिसली होती. माझ्याकडे बघितलं नाही. पट्टीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने नीट दाबला आणि उठले.

"नाना खरं बोलले," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गेला तो."

जेवणाच्या वेळी हॉलमागे त्यांनी हळूच विचारलं, "कॅमेरा जळाला असता का?"

"जळू शकला असता, आबा."

"मग सांगायचं ना, बेटा. मी काय ऐकलं नसतं?"

माझ्या बॅगेत एक छोटा स्लेव्ह होता. तो जुन्या फ्लॅशला लावायचा, फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब धरायचा. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश चमकला की हाही पेटतो, आणि कॅमेऱ्याला काही होत नाही. कितीतरी दिवस तो तसाच पडून होता, माझ्या आळसापायी. मी तो काढला आणि घाईघाईने म्हणाले, "घरच्यांचा ग्रुप फोटो बाकी आहे. तुम्ही फ्लॅश हातात धरून बाजूला उभे राहा."

आबांनी स्लेव्ह निरखून पाहिला आणि माझ्या हातात परत ठेवला.

"आज नको," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर मेलाय तो. आता पेटला तर मघाशी का नाही पेटला म्हणून विचारतील, आणि तू खोटी पडशील."