डाव्या खांद्याची बंदूक

आमच्यात सासू जावयाशी बोलत नाही. त्याच्या तोंडाकडे बघतही नाही. तो तंबूत शिरला की मी पाठ फिरवायची आणि मी आले की त्याने मान खाली घालायची. हा मान आहे, भांडण नव्हे. काही सांगायचंच असलं तर मुलीकरवी सांगायचं, नाहीतर कुत्र्याला. माझा कुत्रा त्यामुळे फार शहाणा झालाय. जाळं कुठे फाटलंय, ओलं लाकूड कशाला आणलं, सगळं त्याला ठाऊक असतं.

जावयाचं नाव वाचस्क. रानहंसांना साद घालण्यात अख्ख्या किनाऱ्यावर त्याचा हात धरणारा कोणी नाही. उंचावरून निघालेला थवासुद्धा त्याची साद ऐकून वळतो. पण गेल्या वसंतात त्याच्या बंदुकीच्या तोंडात बर्फ गेला, ते त्याच्या ध्यानात आलं नाही आणि बार काढताच नळी फुटली. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. उन्हाळा आम्ही माशांवर आणि अमिस्कच्या पातेल्यावर काढला. अमिस्क आमच्या शिकाऱ्यांचा म्होरक्या. माणूस वाईट नाही, पण वाढताना ऐकवतो. पानगळीला हंस येतील तेव्हा आमच्याकडे बंदूक आणि ती चालवणारं कोणी नसलं, तर कायमचं त्याच्या तंबूमागे राहावं लागणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून जहाज आलं, कातडी घेऊन माल देणाऱ्या गोऱ्यांच्या किल्ल्यात नव्या बंदुका उतरल्या, तशी वाचस्कने हिवाळ्यातली बीव्हरची सगळी कातडी बांधली आणि निघाला. एवढ्या कातड्यांत एकच बंदूक येते. निवड चुकली तर दुसरी नाही. माझी मुलगी वापिसिव त्याच्याबरोबर निघाली आणि मागून मी आणि कुत्रा. निघताना माझा डावा हातमोजा सापडेना. कुत्र्याने पळवला म्हणून त्याला वाटभर शिव्या घातल्या.

किल्ल्याच्या भिंतीला खिडकी आहे. तिच्यातून आतला लालदाढ्या गोरा एकेक बंदूक बाहेर देतो. आमच्या मागे हळूहळू गर्दी जमली. तीन बोटं गेलेला माणूस कोणती बंदूक उचलतो, हे सगळ्यांनाच बघायचं होतं. मलाही. मी त्याच्या हातांकडे बघत होते. तोंडाकडे बघायचं नसतं, हातांबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही.

लालदाढ्याने आधी सगळ्यांत लांब नळीची दिली. आमच्या शिकाऱ्यांना तीच आवडते. वाचस्कने बाजूच्या पट्टीवर पितळी साप आहे ना ते पाहिलं. तो साप म्हणजे अस्सल मालाची खूण, साप नसलेली बंदूक आमच्यात कोणी फुकटसुद्धा घेत नाही. साप होता. तरी त्याने ती परत केली.

"लांब आहे," म्हणाला.

"लांब?" अमिस्क मागून बोलला. "लेका, हंस काय तुझ्या मांडीवर येऊन बसणार आहेत?"

सगळे हसले. वाचस्कने दुसरी मागितली, तिचा दस्ता लांब निघाला. तिसरी त्याने वापिसिवच्या हातात दिली आणि खांद्याला लावायला सांगितली. आता ही माझी मुलगी चाप नुसता वाजला तरी डोळे मिटते. तिने भीतभीत उजव्या खांद्याला लावली, तर म्हणाला, उजव्या नाही, डाव्या.

तेव्हा लोकांना वाटलं, कळलं. उजवा हात गेला, आता हा डाव्याने मारणार. पण मला काही ते पटेना. डाव्याने मार बाबा, पण स्वतःच्या कुडत्याला बायकोचं माप कोण घेतं? त्याचे हात तिच्यापेक्षा वीतभर लांब. माझी उत्सुकता काही मला स्वस्थ बसू देईना. मी कुत्र्याला मोठ्याने विचारलं, "काय रे, तुला काही कळतंय का? बंदूक घ्यायला आलोत की बायकोचा खांब करायला?"

वाचस्कने तीही बंदूक परत केली. मग त्याने पुढची बंदूक मागितली.

डाव्या खांद्याची एक अडचण असते. रंजकेची, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूची, वाटी बंदुकीच्या उजव्या अंगाला, म्हणजे डाव्याने मारणाऱ्याच्या नेमकी नाकासमोर. वाटीतली दारू पेटली की जाळ डोळ्यांवर येतो. वाचस्कने लालदाढ्याकडून चिमूट चिमूट दारू घेतली, रिकाम्या नळीवर नुसती रंजक पेटवून पाहिली आणि मान वाकडी करून जाळ किती उसळतो ते बघत राहिला. दोन बंदुकांनी आडव्या ठिणग्या फेकल्या. त्या परत गेल्या. एकीचा जाळ सरळ वर गेला, पण तिचा घोडा त्याने डाव्या अंगठ्याने ओढून पाहिला आणि म्हणाला, "घोडा जड आहे."

"जड घोड्याचीच ठिणगी चांगली पडते," अमिस्क म्हणाला. "म्हातारीसारखी काय कुरकुर करतोस?"

यावर मीसुद्धा हसले. आता त्या हसण्याचं मला हसू येतं.

शेवटी एक आखूड बंदूक आली. घोडा हलका, तरी गारगोटीची ठिणगी भरपूर. चापाभोवतीची कडी चांगली रुंद. वाचस्कने कमरेच्या पट्ट्यातून एक कातडी हातमोजा काढला, वापिसिवच्या डाव्या हातात घातला आणि कडीत बोट जातं का ते बघायला सांगितलं.

हातमोजा माझा होता. अंगठ्याला लाल कापडाचं ठिगळ, मीच लावलेलं.

मी कुत्र्याकडे बघितलं. त्याची माफी मागायला हवी होती, पण माझी नजर त्या ठिगळावरून हलेना. वापिसिवची उंची माझी, हात माझे, असं सगळेच म्हणतात. फक्त ती उजवी आहे आणि मी डावखुरी. आणि मी बंदूक चालवते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हिचा बाप आजारी होता तेव्हा शेवटचे दोन हंगाम तो शिकारीच्या आडोशात नुसता बसायचा आणि बार मी काढायचे. हंस त्याच्या नावावर जायचे. आम्ही दोघांनी मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"हीच," वाचस्क म्हणाला आणि त्याने कातड्यांचा गठ्ठा खिडकीत सरकवला.

परतताना मी वापिसिवला बाजूला ओढलं. म्हटलं, जा, त्याला विचार, त्याला कसं कळलं? ती पुढे पळाली आणि तोंडावर हात धरून परत आली.

"तो म्हणतो, तेव्हा शेजारच्या आडोशात तोच होता. बाबांचा खोकला एकीकडून यायचा आणि बार दुसरीकडून. एकदा तर खोकला चालू असतानाच दोन हंस पडले." ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "आई, खरंच?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाही तो?"

ती पुन्हा पळाली, पुन्हा आली. "म्हणतो, बोलणार कसा? सासूशी बोलायचं नसतं."

मला राग आला, हसूही आलं आणि मग वाटेतच रडू फुटलं. इतक्या वर्षांत माझी कोणी एवढी नीट मापं घेतली नव्हती.

पहिल्या कडक थंडीबरोबर हंस आले. वाचस्कने चिखलाच्या काठी आडोसा उभारला आणि मधोमध वाळुंजाच्या फांद्यांचा कूड घातला. पलीकडे तो, अलीकडे मी आणि कुत्रा. अमिस्कने लांबून पाहिलं. माझ्या खांद्यावरची बंदूक पाहिली आणि आणखी नीट बघायला चार पावलं पुढे आला.

माझा जीव मात्र एका गोष्टीवर अडकला होता. साद घालणाराच एरवी "आता" म्हणतो आणि मग बार काढायचा. हा मला "आता" म्हणणार कसा? एक बार चुकला तर थवा गेला आणि तंबू अमिस्कच्या मागे. मी कुत्र्याला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं.

थवा दिसला. कुडापलीकडून साद सुरू झाली. थवा वळला, खाली आला, साद त्याला ओढत राहिली, ओढत राहिली आणि एकदम थांबली.

त्या थांबण्यात मला कळलं. घोडा हलकेच मागे आला. जाळ सरळ वर गेला, माझे डोळे उघडे राहिले आणि दोन हंस चिखलात पडले.

बंदूक मी कुडाला टेकवली. मी कुत्र्याच्या कानाशी वाकून, पण चांगलं मोठ्याने म्हटलं, "बंदूक फार छान निवडली आहे हो. निवडणाऱ्याला सांग."

थवा केव्हाच लांब गेला होता, आभाळात एकही हंस नव्हता. तरी कुडाच्या पलीकडून हंसाची साद आली, अगदी हळू.