जवळून काढलेला चेहरा

बाईंनी फोटो पाहिला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"हा नाही," त्या म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या दिराने तो उचलून उजेडाकडे धरला. "छे! आपल्या पोराचं नाक एवढं कुठे आहे? आणि ह्याचे तर कानच दिसत नाहीत." त्याचा जीव भांड्यात पडला होता. "चला वहिनी. गेला असेल कुठेतरी, येईल भटकून."

बाई उठल्या. दारात क्षणभर थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत. फोटोवाल्याला बरं वाटलं. शवागाराच्या ह्या खोलीतून माणसं सहसा धड चालत बाहेर पडत नाहीत.

ज्यांचं नावगाव कळत नाही अशा मेलेल्यांचे चेहरे टिपायचे, हे त्याचं काम. नातेवाइकांना आधी फोटो दाखवायचा, ओळख पटली तरच आत न्यायचं, अशी तिथली पद्धत. जुना कॅमेरा खिशात मावणारा, पण झूमचा होता. स्ट्रेचरच्या पायथ्याशी उभं राहून बटण दाबलं की लेन्स पुढे सरकायची आणि चेहरा चौकटभर व्हायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं. मग एके दिवशी बाहेर आलेली लेन्स आत जाईना, दुरुस्तीवाल्याने हात टेकले आणि ऑफिसने नवा कॅमेरा दिला. तेवढाच छोटा, पण त्याला झूमच नाही.

"फिक्स्ड लेन्स आहे, एक नंबर," भांडारातला कारकून म्हणाला होता. "झूम कशाला हवं? देवाने पाय दिलेत ना? पुढे व्हायचं!"

कारकुनाच्या बापाचं काय जातं! पुढे व्हायचं होतं ते फोटोवाल्याला. चेहरा चौकटभर यायलाच हवा असा नियम, त्यामुळे मेलेल्याच्या तोंडावर पार ओणवं व्हावं लागे, श्वास रोखून. त्याने मुकाट्याने तेही केलं.

बाई येऊन गेल्याला आठवडा उलटला. दुपारी चहाच्या वेळी शवागाराचा मदतनीस खोलीत आला. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत.

"माझाही काढ की एखादा. मेल्यावर काढशीलच, तेव्हा मला कुठे बघायला मिळणार?"

फोटोवाल्याने बसल्या जागेवरूनच कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ नेला आणि बटण दाबलं. पैलवानाने स्क्रीनवर पाहिलं आणि हसता हसता चहा सांडला.

"अरे, काय हे ध्यान! नाक आहे की बटाटा? कान कुठे गेले माझे? उद्या मी खपलो तर बायको 'हे आमचे नव्हेतच' म्हणून चालू लागेल की रे!"

फोटोवाला हसला. मग ते हसू तोंडातच राहिलं. त्याने ड्रॉवर उघडला. दीर त्या दिवशी पोराचा एक फोटो टेबलावर विसरून गेला होता. त्याने तो आणि आपण काढलेला, दोन्ही शेजारी ठेवले. नाक सोडलं, कान सोडले. भुवईतली खाच तीच. हनुवटीची खळी तीच.

"पैलवान, ह्याला कधी नेणार?"

"उद्या सकाळी. बेवारसांची गाडी येतेय ना."

"बाहेर काढ त्याला. मला मागे सरकायला जागा हवी."

दोघांनी स्ट्रेचर लांबलचक व्हरांड्यात आणलं. फोटोवाला पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. फोटोत चेहरा चिमुकला आला. तो त्याने कॉम्प्युटरवर ताणून मोठा केला. जरा फुटला, पण नाक नाकाच्या जागी होतं, कान कानाच्या. कोणाही ओळखीच्याने पटकन नाव घेतलं असतं.

"मावशी, एकदा येऊन जाता?" त्याने फोनवर विचारलं. का, असं बाईंनी विचारलं नाही.

त्या एकट्याच आल्या. त्याने नवा फोटो पुढे सरकवला. फोटोवाल्याचे कान शरमेने लाल झाले होते.

"चूक माझी, मावशी. मी फार जवळून काढला होता. त्याने चेहरा बदलतो. तुम्हाला उगाच आशा लागली."

बाईंनी नवा फोटो नीट पाहिला.

"हा लांबून काढलाय."

"हो."

"पहिला कुठे आहे?"

त्याने तो दिला. ह्या वेळी त्यांनी तो पालथा ठेवला नाही.

"लहानपणी ताप आला की माझ्या तोंडाला तोंड लावून झोपायचा," त्या म्हणाल्या. "तेव्हा असाच दिसायचा. हे एवढं नाक. दिराला कसं कळणार बाबा? त्याने कधी इतक्या जवळून बघितलंय त्याला?"

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही..."

"हो म्हटलं असतं तर संपलं असतं ना सगळं. नाही म्हटलं, म्हणून रोज रात्री त्याचं अंथरूण घालता आलं." त्यांनी पदराने फोटो पुसला. "आज तुमचा फोन आला आणि कळलं, आता पुरे. चला, कुठे आहे?"

पैलवानाने चादर बाजूला केली. फोटोवाला जुन्या सवयीने पायथ्याशी जाऊन उभा राहिला. बाई मात्र सरळ डोक्याशी गेल्या आणि वाकल्या. तो वाकला होता त्याहूनही जवळ.