सूनबाईचं तोंड बधिर होतं तेव्हा

माणसाच्या घशात पडजीभ कुठे असते, ती कशी हलते, तिच्यामागे काय असतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी दातांची डॉक्टर आहे. फ्रेंचमधला 'र' त्या पडजिभेपाशीच काढायचा असतो, हे मला वर्गाच्या पहिल्याच दिवशी समजलं. समजलं म्हणजे नुसतं समजलं. निघाला नाही. मी जोर लावला की शेजारच्या बाकावरची मुलं घाईघाईने पाण्याची बाटली पुढे करायची.

हा सगळा उपद्व्याप सुनेपायी. चिरंजीव नोकरीला म्हणून फ्रान्सला गेले आणि तिकडचीच बायको करून बसले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मुलगी गोड आहे. तक्रार आहे ती दुभाष्याबद्दल. दर रविवारी फोनवर दोघं दिसायची. ती माझ्याकडे बघून दोन-तीन मिनिटं सलग बोलायची, हात हलवायची, भुवया उडवायची, मध्येच हसायची. मग चिरंजीव सांगायचे, "ती म्हणतेय, इकडे थंडी आहे." मग मी माझ्या गुडघ्यांपासून नव्या एक्स-रे मशीनपर्यंत सगळं सांगायची, आणि तो तिला अडीच शब्दांत आटपायचा. एवढ्या मोठ्या तोंडी भाषणातून एवढीशी थंडी निघते कशी, ही शंका मला पहिल्या रविवारपासून होती. तिचं इंग्रजी माझ्या फ्रेंचइतकंच, आणि माझं फ्रेंच तेव्हा शून्य. लग्नाला चार वर्षं होत आली तरी माझं माझ्या सुनेशी एकही बोलणं झालेलं नव्हतं. जे झालं ते सगळं मुलाच्या तोंडून. हे गेल्यापासून घरात मी एकटीच, आणि उरलेलं माझं कुटुंब म्हणजे ही दोघं. त्यातली एक मला अजून भेटलीच नाही असं वाटायचं.

म्हणून ती दोघं पंधरा दिवसांसाठी येणार हे ठरल्यावर मी कंबर कसली. फोनवर एक अ‍ॅप घेतलं. त्यातला हिरवा पक्षी माझ्यावर माझ्या सासूबाईंपेक्षा जास्त लक्ष ठेवायचा. एक दिवस चुकला की रुसायचा. त्याने मला 'हत्ती दूध पितो' आणि 'माझी मांजर श्रीमंत आहे' ही वाक्यं अस्खलित शिकवली. सुनेला ही ऐकवण्याचा प्रसंग कधी यावा, हे मात्र त्याने सांगितलं नाही. मग बातम्या ऐकायला फ्रेंच रेडिओ लावला. निवेदक अशा वेगाने बोलायचा, जणू मागे कुत्रं लागलंय. शेवटी आठवड्यातून तीन संध्याकाळी शिकवणी लावली.

वर्गात सगळी विशीतली पोरं. सर माझ्या मुलाहून लहान. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की इथे प्रत्येक वस्तू बाई असते नाहीतर पुरुष. टेबल बाई, खुर्ची बाई, पुस्तक पुरुष. मी हात वर करून म्हटलं, "सर, हा काय वेडेपणा? खुर्चीचं बाईपण ठरवलं कुणी?" मागचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "काकू, आपल्याकडे तो दात, ती दाढ आणि ते तोंड. आपल्याकडे तर तीन आहेत." जन्मभर एकाच तोंडातली ही तीन लिंगं हाताळून मला ते कधी दिसलं नव्हतं. त्यानंतर मी वर्गात हात खालीच ठेवला.

आकडे त्याहून कठीण. त्यांचे सत्त्याण्णव म्हणजे चार वेळा वीस, अधिक दहा, अधिक सात. पेशंटला दाढेची किंमत सांगेपर्यंत पेशंट घरी जाईल. शब्दांच्या शेवटची अक्षरं लिहायची, पण उच्चारायची नाहीत. लग्नात दूरच्या नातेवाइकांचं करतात तसं, बोलवायचं पण बोलायचं नाही. घरी मी प्रत्येक वस्तूवर फ्रेंच नावाची चिठ्ठी चिकटवली. दवाखान्यात चिमटे आणि आरसे मोजतानाही फ्रेंच आकडे पुटपुटायला लागले. एक गृहस्थ त्यामुळे खुर्चीतून उठून गेले. त्यांना वाटलं, मी मंत्र म्हणतेय.

माझ्या दवाखान्यातल्या मदतनीस मावशी हे सगळं शांतपणे बघत होत्या. एकदा हत्यारं पुसता पुसता म्हणाल्या, "मॅडम, बोलायला तुम्ही शिकाल हो. पण ती उलटून बोलली तर काय करणार?"

"म्हणजे?"

"तुम्हाला उत्तर ऐकायची सवय कुठे आहे? इथे येणाऱ्याचं तोंड तुम्ही आधी उघडं करून ठेवता, त्यात बोळे कोंबता, आणि मग त्याला विचारता, मुलगी काय करते म्हणून. तो आँ आँ करतो. तुम्ही म्हणता, वा, छान!"

मी दातओठ खाल्ले, पण बाईंनी बरोबर नस पकडली होती. बोलायची भीती मला नव्हतीच. भीती होती ती समोरून येणाऱ्या उत्तराची.

आणि झालंही तसंच. विमानतळावर ती दोघं बाहेर आली. मी आठवडाभर घोटलेलं स्वागताचं वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं. ती धावत आली, माझे दोन्ही गाल तिने आपल्या गालांना लावले, आणि जे काही बोलत सुटली, त्यातला एकही शब्द हिरव्या पक्ष्याच्या ओळखीचा निघाला नाही. माझी दातखीळ बसली. माझी! लोकांच्या दातखिळी उघडून पोट भरणाऱ्या बाईची! मी दात दाखवून हसले. चिरंजीव म्हणाले, "ती म्हणतेय, प्रवास चांगला झाला."

पुढचे दिवस मी प्रत्येक गोष्टीला "वी, वी" म्हणून काढले. म्हणजे हो, हो. एकदा अशाच एका होकारानंतर तिने माझी कपड्यांची दोन्ही कपाटं रिकामी करून पुन्हा लावली. मी कशाला हो म्हटलं होतं ते मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर घरातल्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने बारीक दुरुस्त्या. आरसा आणि फ्रिज यांना मी बायका करून ठेवलं होतं, तिने त्यांना पुरुष केलं होतं. तो आरसा, तो फ्रिज, मराठीतही पुरुषच की! मला इतकी लाज वाटली की मी दिवसभर तिच्यासमोर तोंडच उघडलं नाही. ती दोन-तीनदा माझ्याजवळ येऊन बसली, काहीतरी सुरू केलं, आणि माझा बावळट चेहरा बघून थांबली. मग मुलाला हाक मारली. तो आला, आणि पुन्हा हवामान सुरू झालं. दिवस संपत आले होते. ही मुलगी जशी आली तशीच परत जाणार, पाहुणी म्हणून, या विचाराने मला रडू येत होतं.

जायला तीन दिवस उरले असताना सकाळी ती गालाला हात लावून खोलीबाहेर आली. त्यासाठी दुभाषा लागला नाही. मी टॉर्च आणला, आँ करून दाखवलं. खालच्या दाढेतलं जुनं सिमेंट निघालं होतं आणि कीड मुळापर्यंत गेली होती. तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. चिरंजीव आत यायला लागले, "मी सांगतो ना तिला काय काय करणार ते." मी म्हटलं, "तू बाहेर बस. इथे माझं राज्य आहे."

भुलीचं इंजेक्शन दिलं. अर्धा ओठ, अर्धी जीभ बधिर झाली. लाळ ओढणारी नळी लावली, बोळे ठेवले, दाढ उघडली. आणि हात कामाला लागले तसं माझं तोंडही लागलं, कारण ती सवयच आहे. फरक एवढाच की ते फ्रेंचमध्ये सुरू झालं. समोरच्याकडून उत्तर येण्याची शक्यता नव्हती ना! मी सगळे धडे सोडले. माझा भाऊ इंजिनिअर आहे. स्टेशन डावीकडे आहे. मला दोन तिकिटं हवीत. हत्ती दूध पितो. घशातला 'र'सुद्धा निघाला, एकदा नाही, दोनदा. मला मास्क होता, तिला नळी होती, आणि ती खुर्चीत गदागदा हसायला लागली. मला मशीन थांबवावं लागलं. मावशी म्हणाल्या, "मॅडम, आधी दाढ, मग हत्ती." मग मी तिला सांगितलं की तू सुंदर आहेस, तुझे दात चांगले आहेत, मी तुझ्यासाठी शिकते, मी फार वाईट शिकते. सगळी वाक्यं पहिलीच्या पुस्तकातली. ती हसायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

नस काढली, तात्पुरतं सिमेंट भरलं, बोळे काढले. ती उठून बसली आणि बोलायला लागली.

आणि मला कळायला लागलं!

यात माझ्या अभ्यासाचं काही नाही. बधिर तोंडाचा माणूस लांब वाक्यं बोलत नाही. तो एकेक शब्द उचलून, जपून, बाहेर ठेवतो. शिवाय अर्ध्या जिभेची बोली मी आयुष्यभर ऐकत आले आहे. वर्गात, रेडिओवर, पक्ष्याकडे जे मिळालं नाही ते त्या एका इंजेक्शनात मिळालं. मला फ्रेंच समजतं, पण समोरच्याला भूल दिलेली असली तर.

ती म्हणाली, "रविवार. फोन. मी बोलते, बोलते, बोलते." तिने हात लांब पसरले. मग दोन बोटं जवळ आणून दाखवली. "तो, एवढं."

मी म्हटलं, "मीही! मीही बोलते, बोलते!" आणि मीही बोटं जवळ आणली. आम्ही दोघी त्याच्यावर पोट धरून हसलो. सून आपल्या नवऱ्याची कागाळी माझ्याकडे करत होती, माझा आनंद गगनात मावेना.

मग ती थांबली. ओठाच्या बधिर कोपऱ्यातून लाळ आली, ती मी पुसली. ती म्हणाली, "मागच्या वर्षी. मे." तिने तळहात पोटावर ठेवला. "बाळ. लहान. चार महिने." मग हात उचलून पालथा केला. "नाही राहिलं." आणि शेवटी, अगदी सावकाश, "मी त्याला म्हटलं, आईला सांग. मी फोनवर रडले. तुम्ही पाहिलं."

मी पाहिलं होतं. मेमधला तो रविवार मला आठवला. तिचे डोळे सुजलेले, नाक लाल, ती खूप वेळ माझ्याशी बोलत होती. चिरंजीव म्हणाले होते, सर्दी झालीय तिला. आणि मी, हातातली वाटी हलवत, हसत हसत, मिठाच्या गुळण्या कशा करायच्या ते तोंड वर करून, गुळगुळ आवाज काढून दाखवलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली होती.

माझ्या पुस्तकात यासाठी धडा नव्हता. भूतकाळापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. मी हातमोजे काढले आणि तिचं डोकं माझ्या पोटाशी धरलं. मावशींना एक शब्द कळला नव्हता, पण त्या दुसरीकडे तोंड करून स्वच्छच असलेला ट्रे पुसत बसल्या. आम्ही दोघी बराच वेळ तशाच होतो. मी मराठीत काहीबाही बोलत होते. तिने कुणालाही हाक मारली नाही.

मग मी बाहेर आले. मुलगा बाकावर फोन बघत बसला होता. माझा चेहरा बघून उठला.

"काय म्हणाली ती? थांब, मी विचारून सांगतो."

"नको. ती मला कळली," मी म्हटलं. "सर्दी झालीय म्हणालास तू मला."

तो एकदम खाली बसला. मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती, हात शिवशिवत होते. त्याने माझी सून माझ्यापासून वर्षभर लपवली होती, आणि मला तिच्या दुःखावर गुळण्या करायला लावल्या होत्या.

"का रे?"

"मी सगळ्यांना सांगितलं, आई," तो म्हणाला. "हॉस्पिटलात, ऑफिसात, तिच्या आईला. फ्रेंचमध्ये सांगून टाकलं. ते येतं मला. फोनवर तू दिसलीस आणि मराठीत ते... मला शब्दच येईनात. माझं मराठी म्हणजे भूक लागली, पैसे पाठव, शाळेत मारलं, एवढंच आहे गं. हे तुला कसं सांगतात ते मला माहीत नव्हतं. तोंडाला जे आलं ते बोललो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याचंही बाळ होतं ते, हे इतका वेळ माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसले.

"आता सांग," मी म्हटलं.

"आता तर तुला कळलंय ना."

"तिचं कळलं. तुझं नाही कळलं. सांग, मोडकंतोडकं चालेल."

दारातून एक बाई सुजलेला गाल घेऊन आत डोकावल्या. मावशींनी त्यांना बाहेरच बसवून दार लोटून घेतलं. त्याने दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबला. एक फ्रेंच शब्द तोंडात आला तो त्याने गिळला. "आई," तो म्हणाला, "आम्हाला मुलगी होणार होती."