राणीसाहेब पायी निघाल्या

डोर्ड्रेख्त बंदराच्या धक्क्यावर वाउटर कथीलवाल्याचं दुकान होतं. वाउटर वारला आणि दुकान त्याच्या बायकोकडे, आख्तेकडे आलं. म्हणजे अर्धंमुर्धंच आलं. कथीलकारांच्या संघाचा नियम असा, की विधवेने नवऱ्याच्या साच्यांतून यात्रेकरूंचे बिल्ले ओतावेत, जत्रेत विकावेत, पण दगडात नवा साचा कोरायचा नाही. कोरणं हे पुरुषाचं काम. नवऱ्याचा शेवटचा साचा फुटला की दुकानाला कुलूप.

आणि साचे काही अमरपट्टा घेऊन येत नाहीत. त्या हिवाळ्यात आख्तेने घाईघाईत गार दगडात तापलेलं कथील ओतलं आणि वाउटरचा शेवटचा उरलेला आणि सगळ्यात खपणारा साचा, राणीसाहेबांचा, मधोमध तडकला.

राणीसाहेब म्हणजे कोण, ते सांगायला आख्ते कधी लाजली नाही, मग आपण तरी का लाजायचं? राणीसाहेब म्हणजे योनी. डोक्यावर मुकुट, बसायला पालखी, आणि पालखीला खांदा द्यायला पाय फुटलेली तीन लिंगं, भोई म्हणून जुंपलेली. असले बिल्ले यात्रेकरू संतांच्या बिल्ल्यांशेजारीच टोपीला लावत. वाईट नजर आधी त्या बिल्ल्यावर जाते आणि माणूस सुटतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दिवस भरलेल्या बायका ते झग्याच्या आत टाचत. पुरुष हसायला म्हणून घेत.

आख्तेने हा बिल्ला वर्षानुवर्षं ओतला होता आणि दर वेळी तिच्या मनात यायचं, या बाईला पाय का नाहीत? भोयांना आहेत. राणी म्हणवायचं आणि नेतील तिथे जायचं, हे कसलं राणीपण? बरं, दिसायचीही कशी, तर बदामाला चीर पाडावी तशी. वाउटर भला माणूस होता, पण दिवा विझवल्याशिवाय कधी जवळ आला नाही. त्याला तरी बिचाऱ्याला कसं कळणार?

साचा तडकल्यावर तिने दार लावून घेतलं, वाउटरची छिन्नी उचलली आणि नव्या राणीसाहेब कोरल्या. पालखी नाही, भोई नाहीत. डोक्याला रुंद टोपी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात जपमाळ, पायात भक्कम जोडे, आणि जे जिथे असतं ते तिथे. यात्रेला निघालेली बाई, स्वतःच्या पायांनी.

उन्हाळ्यातल्या जत्रेत बायकांची झुंबड उडाली. बोभाटा झाला, तसे संघाचे म्होरके एव्हरवाइन दुकानात येऊन उभे राहिले. बरोबर त्यांची अंगाने भरलेली बायको मेख्टेल. एव्हरवाइननी एक बिल्ला उचलला आणि त्याचा साचाही मागितला. आख्तेने साचा पुढे ठेवला. चोरी पकडली गेली तर साचा, छिन्नी, दुकान, सगळंच जाणार होतं, आणि मग उरलेला जन्म दुसऱ्याची धुणी धुण्यात.

एव्हरवाइननी बिल्ला उजेडात धरला. "काठी डाव्या हातात आहे," ते म्हणाले.

आख्तेने आत्ता पाहिलं. दगडात उलटं कोरावं तेव्हा कथिलात सुलटं उतरतं. पहिल्यांदा छिन्नी धरणारा जो तो इथेच चुकतो. सगळी जत्रा तिने हे बिल्ले विकले होते आणि आनंदाच्या भरात तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

एव्हरवाइननी बोटाने काठी चाचपली. "वाउटर अशी चूक करणारा नव्हता," ते म्हणाले. "पण जायच्या आधी तापात होता ना तो, डोकं ठिकाणावर नसेल. हात मात्र त्याचाच. असलं निर्लज्ज काम बाईच्या हातून व्हायचंच नाही. बाईला एवढं सुचत नाही."

आख्ते वाचली होती. तरी त्यांच्या तोंडावर सांगावंसं वाटत होतं, की हे माझं आहे. राग एवढा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एव्हरवाइनना वाटलं, नवऱ्याची आठवण आली. त्यांनी तिची समजूत घातली, हा साचा फुटेपर्यंत दुकान खुशाल चालव म्हणाले. त्यापुढे मात्र नियम म्हणजे नियम.

मेख्टेल इतका वेळ पालखीचा जुना बिल्ला आणि हा नवा, दोन्ही तळहातावर शेजारी ठेवून बघत होती. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

"अहो, एकच साचा कुठला?" ती नवऱ्याला म्हणाली. "वाउटर मला स्वतः म्हणाला होता, पेटीभर कोरून ठेवलेत म्हणून. माळ्यावर आहे ना गं पेटी?"

त्या घराला माळाच नव्हता.

"आहे काकू," आख्ते म्हणाली. "उघडायची राहिलीय अजून."

"मग काढ एकेक. घाई नको करूस." नवरा दाराबाहेर पडल्यावर मेख्टेल मागे वळली आणि हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी काठी उजव्या हातात दे. आणि सोबतीला आणखी एक दे तिला. एकटी किती चालेल?"

पुढच्या जत्रेला पेटीतून एकाच बिल्ल्यावर दोघी निघाल्या, काठ्या उजव्या हातात, त्यातली एक अंगाने जरा भरलेली. पहिलाच बिल्ला मेख्टेलने घेतला आणि नवऱ्याच्या टोपीला टाचला. तो मिरवत एव्हरवाइन संघाच्या बैठकीत बसले, आणि वाउटरसारखा हात पुन्हा होणे नाही, असं जो भेटेल त्याला ऐकवत राहिले.

इकडे आख्तेने दार लावून घेतलं होतं. पेटी अजून बरीच भरायची होती.