नाही म्हणायला शिकणे

लोहचुंबक तिच्या तळहातात होतं – गॅस एजन्सीने दिवाळीत वाटलेलं, लाल सिलिंडरच्या आकाराचं, वरचा फोन नंबर पुसट होत आलेला – आणि दुसऱ्या हातात कागद. वंदनाने तो नुकताच फ्रिजच्या दारावरून ओढून काढला होता. आईचं बोट मात्र अजून तिथेच होतं, रिकाम्या पत्र्यावर, सातवी ओळ जिथे होती तिथे... वाचताना जागा चुकू नये म्हणून पहिलीतलं पोर ठेवतं तसं.

म्हणजे हे होतं. इतके दिवस आपण डोकं फोडत होतो, डॉक्टर गोळ्या वाढवत होते, आणि हे होतं.

आत्ता, एवढ्यात, ओले केस टॉवेलमध्ये गुंडाळून ती रक्तदाबाची गोळी घेऊन उभी होती आणि आई रोजच्यासारखी म्हणाली होती, "नाही." शांतपणे. हट्ट नाही, राग नाही. रोज वंदना समजावत बसायची, आज कारखान्याची बस चुकेल म्हणून तिचा आवाज चढला – "काहून नाही वं आई? काहून?" – तेव्हा आईने तिचा हात धरला, तिला फ्रिजपाशी नेलं, आणि बोट ठेवून एकेक अक्षर सोडवत वाचून दाखवलं, "नाही... म्हणायला... शिकणे." मग वर पाहून, जरा अभिमानानेच म्हणाली, "तूच लिवलं नं? मी शिकून राहिली."

वंदनाला हसू आलं होतं. मग ते अर्ध्यात थांबलं, आणि तिने कागदाला हात घातला होता.

काही आठवड्यांपूर्वी कारखान्यात दुपारची पाळी थांबवून सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं होतं. हिंगण्याच्या त्या पत्र्याच्या छपराखाली निळा कोट घालून आलेला तो हसरा माणूस – घामाने कॉलर भिजलेली, तरी हसणं काही उतरत नव्हतं – म्हणाला होता, आयुष्याची एक यादी करा. तुम्हाला कोण व्हायचंय, काय शिकायचंय, काय सोडायचंय, लिहून काढा. घरात दिवसातून दहा वेळा नजर जाईल तिथे लावा. लिहिलेलं होतं, न लिहिलेलं राहून जातं. बाटल्यांवरची लेबलं तपासता तपासता वंदनाची वीस-बावीस वर्षं गेली होती. वाकडं लेबल, फाटलेलं लेबल, उलटं लेबल, यापलीकडे तिच्या मताला कुणी कधी विचारलं नव्हतं. लग्न तिने केलं नाही असं ती सांगते, झालं नाही असं शेजारी सांगतात. पण तुला काय पाहिजे वं, असं दोन्हीकडून कुणी विचारल्याचं काही आठवत नाही. आणि हा परका माणूस विचारत होता. तिला चक्क लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली कुठेतरी फार बरंही वाटलं. मी लिहीन, मी घरी जाऊन नीट अक्षरात लिहीन...

पहाटे उठून फिरायला जाणे. गोड कमी करणे. स्कूटी शिकणे. रोज एक पान वाचणे. भावाशी अबोला सोडणे. आईवर न चिडणे. आणि सातवं त्या कोटवाल्याचंच होतं, तो ते म्हणाला तेव्हा सुपरवायझर मयुरा मागे वळून हसली होती, "वंदनाताई, हे तर तुमच्यासाठीच आहे बघा!" सगळे हसले. वंदनाही हसली. घरी येऊन तिने ते लिहिलं.

लिहिलं कशावर, तर जुन्या कॅलेंडरच्या पानामागे. कारण घरातलं सगळं लिहिणं आता त्यावरच होतं. आईचं विसरणं वाढायला लागल्यापासून न्हाणीच्या दारावर 'दात घासणे, आंघोळ करणे', ओट्यावर 'गॅस बंद करणे', डब्याशेजारी 'बारा वाजता जेवणे' – सगळीकडे तीच पाठकोरी पानं, तेच निळ्या मार्करचं ठळक अक्षर. आपली यादीही तशीच, त्याच अक्षरात लिहून तिने फ्रिजवर लावली. वर नाव घालायचं सुचलं नाही. घरात आयुष्य सुधारायला निघालेलं दुसरं होतं कोण?

पण आईला कसं कळणार होतं... आईला तर वंदनानेच अक्षर शिकवलं. खापरखेड्याच्या कॉलनीत, बाबा कोळशाच्या पाळीला गेले की दुपारी पाटी पुढ्यात घेऊन – वंदना पहिलीत, आई तिशीची – वंदना बाई व्हायची आणि आई विद्यार्थिनी. चुकलं की वंदना पट्टी आपटायची, पुन्हा काढ म्हणायची, आणि आई जीभ दाताखाली धरून पुन्हा 'ग' काढायची. बुद्धविहारातल्या बायांमध्ये सही करणारी ती पहिली. तेव्हापासून वंदनाने लिहिलेलं म्हणजे आईचा गृहपाठ. काहून लिहिलं, कुणासाठी लिहिलं, असं तिने कधी विचारलं नाही. लिहिलंय म्हणजे करायचं. बाकी सगळं पुसत चाललं, शेजारणीचं नाव गेलं, बाबा गेले हेही अधूनमधून जातं, पण हे काही पुसलं नाही.

एकेक करून उलगडत गेलं. उभ्या उभ्या, केस टिपताना. मागे एका पहाटे आई घरातून निघून गेली होती. इंदोऱ्याच्या चौकात खापरखेड्याची बस कुठे लागते म्हणून विचारत होती, आणि विहारातल्या देवाजींनी ओळखून तिला घरी आणलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, भटकतात. ती भटकली नव्हती. ती फिरायला गेली होती, पहिल्या ओळीप्रमाणे. परत यायचं कुठे लिहिलं नव्हतं. मग चहात साखर नको म्हणाली – साखरेवर जीव असलेली बाई – तेव्हा वंदनाला उलट आनंद झाला होता. मग हे 'नाही' सुरू झालं. आंघोळीला नाही, गोळीला नाही, जेवायला नाही. गोळ्या चुकल्या आणि न्हाणीत चक्कर येऊन पडली. कपाळावर अजून हिरवट डाग आहे. पुण्याहून भावाने, प्रेमानंदने, अबोला बाजूला ठेवून फोनवर सांगितलं, असं चालायचं नाही, असंच राहिलं तर एखाद्या आश्रमात ठेवावं लागेल, तू विचार करून ठेव. आणि सहावी ओळ... वंदनाचा टॉवेल हातातच थांबला. दुपारी आई भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात कुणाशी बोलते, बाय, माय, म्हणते – भास होतात असं आपण डॉक्टरांना सांगितलं. ती तिच्या आईशी बोलत होती. कधीची मेलेली तिची आई, आणि ही तिच्यावर न चिडण्याचा अभ्यास करत होती.

हे कुणाला सांगायचं? सांगून कुणी हसल्याशिवाय राहील?

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली. "आई, ते माझं होतं. तुझ्यासाठी नव्हतं. आता गोळी घे." आईने फ्रिजच्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तोंड उघडून गोळी घेतली, पाणी प्यायली. आंघोळ? केली. पोळी? खाल्ली. वंदना देत गेली आणि आई घेत गेली, आणि इतक्या दिवसांनी सगळं सुरळीत झालं म्हणून जे हायसं वाटायला हवं होतं ते काही येईना.

टीव्हीवर कुलूप पडून होतं. सीताबर्डीहून आणलेलं, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. आई निघून गेली त्या दिवशी खालच्या कौशल्याकाकू म्हणाल्या होत्या, "बाहेरून लावून जात जा वं, मन घट्ट कर." पण कुलूप लावू का विचारलं की आई स्वच्छ 'नाही' म्हणायची, डोळ्यांत डोळे घालून, आणि वंदनाला ते 'नाही' ओलांडून जाता येत नव्हतं. काकूच मग दिवसभर वर येऊन बसायच्या. आजपासून काकू मुलीच्या बाळंतपणाला वर्ध्याला गेल्या होत्या. रजा संपल्या होत्या. दुसरा मार्ग ती रात्रंदिवस शोधत होती आणि दुसरा मार्ग नव्हता.

"आई," ती दारात उभी राहून म्हणाली, "आज मी कुलूप लावून जाऊ का?"

नाही म्हण. मी उंबऱ्यावर उभी आहे, खाली बस हॉर्न देते आहे, तू नाही म्हण, मग मी काय करीन मला ठाऊक नाही, पण म्हण...

आईने फ्रिजकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

कारखान्यात बाटल्या सरकत्या पट्ट्यावरून येत होत्या. वाकडं लेबल, सरळ, सरळ, सरळ. बरं. किती सहज म्हणाली. जन्मभर तेच म्हणत आली – बाबांना, सासूला, कॉलनीच्या साहेबाच्या बायकोला, पट्टी आपटणाऱ्या सहा वर्षांच्या वंदनाला. त्या कागदामुळे म्हातारपणी तिला पहिल्यांदा तो शब्द मिळाला होता, आणि तोही गृहपाठ म्हणून... की तसं नव्हतं? रोज म्हणता म्हणता त्यातलं एखादं तरी तिचं स्वतःचं झालं असेल? कुलपाला म्हणायची ते? ते तर ती कागदाकडे न बघता म्हणायची. बघायची का? वंदनाला आठवेना. आठवायचा प्रयत्न केला तितकं ते जास्तच धूसर होत गेलं, आणि मधे एक उलटं लेबल तिच्यासमोरून निघून गेलं.

चहाच्या वेळी मयुरा आली. "काय ताई, कुठपर्यंत आली यादी? साहेब विचारून राहिले सगळ्यांले."

"चाललं आहे," वंदना म्हणाली.

"आणि आज थांबाल नं जरा? दोघीजणी नाही आल्या. तासाभराचं काम आहे."

तिच्या तोंडात शब्द आला होता. खरंच आला होता, जिभेवर, त्याची चवसुद्धा कळत होती. घरी दाराला कुलूप आहे, आत माझी आई आहे – एवढं सांगितलं असतं तरी मयुराने, चांगली पोरगी आहे ती, लगेच सोडलं असतं. पण ते सांगायचं म्हणजे कुलपाचं सांगायचं.

"बरं," वंदना म्हणाली.

म्हणाली आणि दचकली. आवाज आईचा होता. तीच पट्टी, तोच शेवटाला थोडासा सोडून दिलेला श्वास. मयुरा आभार मानून निघूनही गेली.

परतीच्या बसमध्ये ती दाराजवळच्या सीटवर बसली, जणू त्याने बस लवकर पोहोचणार होती. अंधार पडला होता. जिना चढताना वरून कसलाच आवाज नव्हता, आणि आवाज नसण्याचे जेवढे म्हणून अर्थ होतात तेवढे सगळे तिने त्या दोन मजल्यांत करून घेतले. किल्ली लागेना. नवं कुलूप घट्ट होतं.

आत काळोख होता. बटण दाबलं तर आई खुर्चीत बसलेली, सकाळी होती तिथेच, पदर नीट, ताट घासून पालथं ठेवलेलं. सगळं जागच्या जागी.

"लाइट काहून नाही लावला वं आई?"

"लिवलं नव्हतं," आई म्हणाली.

वंदना तिच्यापुढे खालीच बसली. घाबरली असेल का ही? दार ओढून पाहिलं असेल का? विचारायची हिंमत झाली नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी उद्या सकाळी साडेसातला बस येणारच होती. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला, नेहमीसारखा. आणि वंदनाला वाटलं आपण ओरडावं, या बाईने तरी आपल्यावर ओरडावं, एकदा तरी कुणीतरी या घरात...

ती उठली. पर्समधून घडी काढली, उलगडली, फ्रिजच्या दारावर धरली आणि वर चुंबक ठेवलं. कागद जरा वाकडा लागला. तिने तो सरळ केला नाही.

मग रात्रीची गोळी घेतली, पाण्याचा पेला घेतला. "आई, गोळी."

आई खुर्चीतून उठली. हळूहळू चालत फ्रिजपाशी गेली, वाकली, आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. पहाटे... उठून... वंदना तिच्या मागे उभी होती. आईने नाही म्हणावं असं वंदनाला फार वाटत होतं. आणि नाही म्हणाली तर गोळी कशी द्यायची, हे तिला माहीत नव्हतं. आईचं बोट दुसऱ्या ओळीवरून खाली आलं. तिसऱ्या ओळीवर ते अडलं. 'स्कूटी' तिला सुटत नव्हतं. वंदनाने सांगितलं नाही. गोळी तळहातात ओलसर होत चालली होती.